पिशवी गाडीतच राहिली

लेक नातवाला माझ्याकडे सोडून गेली. खिडकीतून तिची गाडी वळणापलीकडे दिसेनाशी झाली आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की खेळण्यांची पिशवी गाडीतच राहिली. दुपारचे दोन वाजले होते, ती परत येणार पाचला. बाहेर पावसाची झड लागलेली, म्हणजे खाली अंगणात न्यायचीही सोय नाही. आणि माझ्या घरात सव्वादोन वर्षांच्या मुलाने हात लावावा असं काही नाही. काचेचं कपाट, औषधांचा डबा, कुंड्या, वाचायचा चष्मा. तो बंद दाराला टेकून माझ्याकडे बघत उभा होता. आई गेली हे त्याला कळलं होतं, रडायचं की नाही ते अजून ठरलं नव्हतं. खालचा ओठ जरासा पुढे आलेला. त्या ओठाकडे बघताना पोटात आलेला गोळा मला अजून आठवतो. त्याच्याबरोबर मी याआधीही राहिले होते, पण तेव्हा मध्ये ठोकळे असायचे, गाड्या असायच्या, चित्रांची पुस्तकं असायची. आज मध्ये काहीच नव्हतं. तो होता आणि मी होते.

पण मनाला लागून राहिली ती ही दुपार नव्हे. लागून राहिलं ते पाच वाजून दहा मिनिटांनी लेक जे म्हणाली ते. दार नुसतंच लोटलेलं होतं. ती आत आली तेव्हा मी बाहेरच्या खोलीत मधोमध पालथी पडले होते आणि नातू माझ्या पाठीवर चढून पलीकडे उतरत होता. माझे केस सुटलेले, साडीचा पदर खोचलेला, गाल फरशीला टेकलेला. ती उंबऱ्यातच थांबली. बघत राहिली, हसली. मग चपलेचा पट्टा सोडता सोडता, अगदी सहज म्हणाली, "आई, तू माझ्याशी कधी अशी खेळलीस गं?"

त्यात राग नव्हता. म्हणूनच तो प्रश्न मनातून गेला नाही.

तर ती दुपार. पहिली दहा मिनिटं मी जे केलं ते बहुतेक मोठी माणसं करतात. मी सोफ्यावर बसले आणि त्याला काम दिलं. "जा, त्या दाराला शिवून ये." तो पळत गेला, दार शिवलं, पळत आला. मी टाळ्या वाजवल्या. "आता खिडकीला शिवून ये." गेला, आला. मला वाटलं, जमलं. घरात शिवायच्या शंभर वस्तू आहेत, अशी पाच वाजेपर्यंत दुपार निघेल. तिसऱ्या वेळी मी म्हटलं, "आता भिंतीला," तर तो हलेना. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "आज्जी पण." मी समजूत घातली, की आजीचे पाय दुखतात, आजी इथूनच बघते. त्याने ऐकून घेतलं. आणि पुन्हा तेच, त्याच सुरात, "आज्जी पण."

मी उठले.

एवढं एक उठणं सोडलं तर त्या दुपारी मी वेगळं काहीच केलं नाही, असं मला आता वाटतं. खेळ तेच होते. भिंतीला शिवायचं, लाकडाला शिवायचं, मऊ काहीतरी शिवायचं. मी म्हटलं, "गार काहीतरी शिवू या," तर त्याने जरा विचार केला आणि खाली वाकून फरशीला तळहात लावला. मग तेवढ्यावर भागेना, म्हणून आडवा होऊन गालच लावला. "गाऽऽर." मीही त्याच्या शेजारी आडवी झाले आणि गाल लावला. पावसाळ्यातली फरशी, खालून ओल वर येते की काय असं वाटण्याइतकी गार. कॉटखालच्या धुळीचा वास. टेबलाच्या खालच्या बाजूला खडूने लिहिलेला कुठलासा आकडा, सुताराने लिहिला असणार. बत्तीस वर्षं मी या घरात राहते आहे, तो आकडा मी कधी पाहिला नव्हता. नातू मात्र ओळखीच्या गोष्टीकडे पाहावं तसा त्याच्याकडे पाहत होता. तिथे त्याचं रोजचंच येणंजाणं असावं.

मी ३६ वर्षं हिशेब खात्यात काढली. आकड्यांनी मला धीर येतो, म्हणून त्या रात्री गुडघ्याला शेक देत मी काही काही वाचत बसले. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या कॅरन अडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. बारा ते एकोणीस महिन्यांची मुलं मोकळी खेळत असताना त्यांनी पावलं मोजली आणि पडणं मोजलं. सरासरी आली तासाला २,३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं. मी चष्मा पुसून तो आकडा पुन्हा वाचला. दिवसातले सहा तास मूल असं हिंडत असेल, तर पावलं झाली चौदा हजारांच्या घरात आणि पडणं शंभरच्या वर. माझ्या नोकरीत कुणी शंभर वेळा चुकून शंभर वेळा तेच काम पुन्हा हाती घेतलेलं मी पाहिलेलं नाही. आपण मात्र म्हणतो, याला एका जागी बसवत नाही. एका जागी बसवण्यासाठी नसतातच ती पावलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी ज्या सूचना काढल्या, त्यांत एक ते दोन वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून निदान १८० मिनिटं हालचाल करावी असं म्हटलं आहे. ढकलगाडीत किंवा खुर्चीत बांधून एका वेळी तासाहून जास्त बसवू नये, असंही. त्यानंतरच्या वर्षांनाही १८० हाच आकडा आहे, फक्त तीन वर्षं पूर्ण झाल्यावर त्यातला तासभर दमवणारा हवा. आमची दुपार दोन ते पाच, म्हणजे बरोबर १८० मिनिटं. पण हा हिशेब तसा लागत नाही हे मलाही कळतं. मध्येच तो वीस मिनिटं खिडकीच्या गजावरून ओघळणारे थेंब बघत स्वस्थ उभा होता, आणि तेव्हा मीही काही बोलले नाही.

सगळ्यात जास्त रंगला तो 'थांब'चा खेळ. तो आम्ही ठरवून सुरू केला नव्हता. तो कॉटभोवती पळत होता, कोपऱ्याजवळ आला, आणि मी घाबरून ओरडले, "थांब!" तो थांबला. म्हणजे पाय थांबले, बाकीचा सगळा पुढे जात राहिला आणि धपकन हातांवर आला. आपलं डोकं उंचीच्या साधारण आठव्या हिश्श्याएवढं असतं, दोन वर्षांच्या मुलाचं पाचव्या. एवढं वजन वर घेऊन पळायचं म्हणजे थांबणं हेच मोठं काम. उठून त्याने माझ्याकडे पाहिलं, मी रागावले नाही हे ताडलं, आणि पुन्हा पळायला लागला. मान वळवून, माझ्या शब्दाची वाट बघत. मी पुन्हा "थांब" म्हटलं. या वेळी तो उभा राहू शकला, पण त्यासाठी सगळं अंग ताणून. मुठी आवळलेल्या, मान आत ओढलेली, पोट पुढे. कानशिलं थरथरत होती. पळणं त्याच्याकडे आपोआप येतं, थांबणं त्याला स्वतःतून ओढून काढावं लागतं, हे एवढ्या जवळून मी पहिल्यांदा पाहिलं. "चल" म्हटलं की धनुष्यातून बाण सुटावा तसा सुटायचा.

मग त्याच्या लक्षात आलं, की हा शब्द त्यालाही म्हणता येतो.

"आज्जी, थांब!" मी एक पाय उचललेला असताना तशीच थांबले. तो माझ्यासमोर आला आणि मला खालून वर न्याहाळू लागला. माझ्या लोंबत्या हाताला बोट लावून पाहिलं. मी हलले नाही. त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं, त्याला हसू म्हणणं अपुरं आहे. दिवसभर सगळे त्याला सांगतात. उठ, बस, हात धू, तिकडे नको. त्याच्या एका शब्दावर एवढं मोठं माणूस खांबासारखं उभं राहतं, हे त्याने त्या दिवशी बहुधा पहिल्यांदा अनुभवलं. त्या आनंदात तो 'चल' म्हणायचंच विसरला. मी एका पायावर, हाताने भिंतीचा आधार घेतलेला, गुडघ्यात कळ, आणि तो माझ्याभोवती फिरून फिरून मला बघतोय. शेवटी मीच हळूच आठवण केली, "चल म्हण की." त्याने म्हटलं आणि मग आम्ही दोघांनीही पळायचं होतं. मी पळाले. पळणं म्हणजे काय, चार भरभर पावलं. पण त्या चार पावलांनंतर श्वास छातीत जसा वाजला, तसा कित्येक वर्षांत वाजला नव्हता.

प्राण्यांचे खेळही झाले. हत्ती होताना जड पावलं टाकायची, मांजर होताना पायाचा आवाज येऊ द्यायचा नाही, साप होताना पोटावर सरपटायचं. मांजर त्याला जमत नव्हतं, कारण आवाज न करण्याच्या आनंदात तो मोठ्याने हसायचा. बेडूक मात्र बघत राहावा असा. गुडघे वाकवायचा, दोन्ही हात मागे न्यायचा, तोंडाने "उडीऽऽ" म्हणायचा, आणि सगळं अंग वर जायचं, पण पाय जमिनीवरच. फक्त टाचा उचललेल्या. त्याच्या मते उडी झालेली असायची. दोन्ही पाय एकदम जमिनीवरून सुटणं साधारण दोन ते अडीच वर्षांच्या दरम्यान जमतं. कुणाला आधी, कुणाला जरा नंतर. त्याला ते त्या दुपारी एकदोनदा जमलं, बोटभर उंच, आणि गंमत म्हणजे त्या उड्यांचं त्याला काहीच वेगळं वाटलं नाही. मी मात्र कुणाला सांगू आणि कुणाला नको अशी झाले होते, आणि घरात सांगायला कुणी नव्हतं.

लपाछपीत तो खोलीच्या मधोमध उभा राहून डोळ्यांवर हात ठेवायचा. झालं, लपला. मी सगळीकडे शोधायची. पडद्यामागे आहे का, कॉटखाली आहे का. त्याचं पोट हसण्याने गदगदा हलायचं. मला पूर्वी वाटायचं, की लहान मुलांना कळतच नाही की आपण दिसतो आहोत. ते तितकं साधं नाही. केंब्रिजच्या जेम्स रसेल यांनी तीन-चार वर्षांच्या मुलांना याबद्दल विचारून पाहिलं होतं. डोळे झाकल्यावर डोकं दिसतं हे मुलं मान्य करत होती, पण 'मी' दिसत नाही म्हणत होती. त्यांच्या लेखी दिसणं म्हणजे नजरेला नजर मिळणं. हे वाचून मी बराच वेळ पुस्तकावरून नजर काढावी तशी भिंतीकडे बघत बसले. नातू 'आज्जी पण' म्हणत होता तेव्हा मी सोफ्यावर त्याच्या डोळ्यांसमोरच बसले होते. माझं लक्ष घड्याळाकडे होतं. म्हणजे त्याच्या हिशेबाने मी तिथे नव्हतेच का? तो सव्वादोनचा आहे, त्याला विचारून उत्तर मिळणार नाही.

आता जे लिहिते ते लिहायला मन कचरतं. मला कंटाळाही आला. मी हातापायांवर ओणवी होऊन पूल करायची, तो खालून रांगत जायचा, पलीकडे निघून म्हणायचा, "पुना." तिसऱ्या वेळेपर्यंत मी त्याच्यासारखीच हसत होते. सातव्या वेळी मनगटं दुखायला लागली. आठव्या वेळी मी घड्याळ पाहिलं, तीन वाजून पाच मिनिटं. अजून दोन तास. त्या क्षणी मला टीव्हीचा रिमोट दिसला आणि माझा हात खरंच तिकडे गेला. दोन वर्षांपुढच्या मुलाला दिवसात तासाभरापर्यंत चालतं असं त्याच सूचनांत आहे, आणि लेकीनेही कधी शपथ घातलेली नाही. हात मागे आला तो काही थोर विचाराने नव्हे. तो पुलाखाली अर्ध्यात थांबून वर माझ्या पोटाकडे बघत होता आणि मला हलता आलं नाही. कंटाळा आला, बसला, आणि केव्हातरी गेला. तेच ते रोज करायची मला नोकरीत सवय होतीच. साधारण बाराव्या फेरीला मला दिसलं, की आधी तो डावा हात पुढे टाकून शिरत होता, आता उजवा टाकतो आहे. पंधराव्याला त्याने डोकं न वाकवता जाऊन पाहिलं, माझ्या बरगडीला आपटलं, मागे गेला आणि वाकून आला. मी ज्याला 'तेच ते' म्हणत होते त्यात तेच काही नव्हतं.

ओणवं राहवेना तेव्हा मी आडवी झाले. "आता आजी डोंगर." हा शोध मला आधी लागला असता तर मनगटं वाचली असती. मी नुसतं पडून राहायचं, चढणं-उतरणं सगळं त्याचं. त्याचे गुडघे माझ्या कमरेत रुतायचे, घामेजले तळहात मानेवर टेकायचे, आणि शिखरावर पोचला की तो थोडा वेळ तिथेच गाल टेकून पडायचा. त्याच्या डोक्याचा वास यायचा, कोवळ्या घामाचा, उन्हात ठेवलेल्या कापसासारखा. म्हाताऱ्या माणसाने मुलाशी खेळायचं तर आपण जागेवर राहावं आणि त्याला आपल्याभोवती फिरू द्यावं, हे मी त्या दुपारी शिकले. गोल फिरण्याच्या खेळातही मी खांब झाले. मला एका गिरकीत भोवळ येते. आतल्या कानात द्रव भरलेल्या तीन नळ्या असतात, अंग थांबलं तरी तो द्रव जरा वेळ फिरत राहतो, म्हणून घर फिरतं. मला नको वाटणारी ती अवस्था त्याला पुन्हा पुन्हा हवी होती. फिरायचा, पडायचा, फरशी धरून ठेवल्यासारखी दोन्ही हातांनी दाबायचा, आणि घर थांबलं की उठायचा. "पुना."

साडेचारच्या सुमारास तो चिडचिडा झाला. दमला होता आणि दमलोय हे त्याला मान्य नव्हतं. तेव्हा आम्ही भिंत ढकलली. "भिंत मागे सरकव बरं." त्याने दोन्ही हात टेकले, पाय मागे रोवले आणि ओठ घट्ट मिटून जोर लावला. मी शेजारी. दोघे मिळून भिंत ढकलतोय. चेहरा लाल झाला, कानामागची शीर दिसली. चारपाच वेळा असा जोर लावून झाल्यावर तो एकदम सैल पडला आणि माझ्या मांडीत येऊन बसला. ऑक्युपेशनल थेरपीत मुलांना शांत करायला अशी ढकलण्या-ओढण्याची जड कामं मुद्दाम देतात, हे मला नंतर समजलं. मी ते सुचून केलं नव्हतं. मला स्वतःलाच कशालातरी टेकायचं होतं.

आणि मग डोंगराचा शेवटचा डाव, दार उघडणं, आणि तो प्रश्न.

मी त्या वेळी काही उत्तर दिलं नाही. "खेळले असेन की," असं काहीतरी पुटपुटले. पण ती गेल्यावर मी शोधत बसले, जुन्या फायलींत एखादी पावती शोधावी तशी. ती लहान असताना मी आठला घर सोडायची आणि सातला परत यायची. दिवसभर ती पाळणाघरात. रविवारी धुणं, निवडणं, आठवड्याची कामं. तिच्याशी खेळायच्या तिच्या आजीच, माझ्या सासूबाई, जेव्हा जेव्हा राहायला यायच्या तेव्हा. पाठुंगळी घ्यायच्या, पायांवर उभं करून चालायच्या. स्वयंपाकघरातून मला हसण्याचा आवाज यायचा आणि मला बरं वाटायचं. आपले हात मोकळे आहेत म्हणून बरं वाटायचं, हेही खरं. मी तिला खेळणी पुष्कळ आणली. दर पगाराला काहीतरी. त्या खेळण्यांची पेटी अजून माळ्यावर आहे, त्यातली निम्मी नव्यासारखी.

खेळाची एकही आठवण सापडेना. सापडला तो जिना.

पाळणाघरातून तिला घेऊन यायचे तेव्हा दिवेलागण झालेली असायची. हाच जिना, दोन मजले, ३४ पायऱ्या. माझ्या एका खांद्याला कचेरीची पिशवी, एका हातात भाजीची, दुसऱ्या हातात ती. ती अडीचेक वर्षांची असताना एका संध्याकाळी पाचव्या-सहाव्या पायरीवर ती बसून राहिली. उठेना. मी मनगट धरून तिला वर ओढलं. जोरात नाही, रोजच ओढायचे तेवढंच. ती किंचाळली आणि तो हात तिने अंगाशी धरला तो हलवेना. डॉक्टरांनी कोपर हातात घेतलं, तळहात वळवला, हात दुमडला, एका क्षणात झालं. थोड्या वेळाने ती त्याच हाताने माझी माळ ओढत होती. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी समजावलं, की एक ते चार वर्षांच्या मुलांच्या कोपराभोवतीचा पट्टा सैल असतो, मनगट धरून ओढलं किंवा हातांनी झोका दिला की त्यातलं हाड जरासं निसटतं. उचलायचं तर काखेत हात घालून उचला. एवढंच. मी आजतागायत कुठल्याही मुलाला मनगटाने धरलेलं नाही. नातवालाही परवा गरगर फिरवण्याचा हट्ट झाला तेव्हा मी तेवढा एक खेळ खेळले नाही.

त्या दिवसानंतर मी तिला जिन्यावर कधी ओढलं नाही. पण घरी पोचायची घाई तर होतीच. कुकर लावायचा होता, पाणी जायच्या आत भरायचं होतं. म्हणून मी खालच्या पायरीशी म्हणायची, "बघू कोण आधी पोचतं," आणि ती तुरुतुरु सुटायची. वर्षानुवर्षं, ती शाळेत जायला लागली तरी. तो खेळ नव्हता. ती आपण होऊन भरभर चढावी म्हणून काढलेली युक्ती होती. तिचा हात धरायची मला भीती वाटत होती म्हणून काढलेली. खेळ म्हणून मी ती कुठल्या तोंडाने सांगणार होते?

तरी चार दिवसांनी रात्री फोनवर बोलताना मी विचारलंच. नातू झोपला होता, ती हळू आवाजात बोलत होती. मी म्हटलं, "तुला लहानपणचा जिना आठवतो का गं? पाळणाघरातून आल्यावरचा?"

"हो तर," ती लगेच म्हणाली. "बघू कोण आधी! तू दर वेळी हरायचीस."

मी गप्प राहिले. कोपराबद्दल तिला काही आठवत नव्हतं. आठवायचं वयही नव्हतं ते.

"मला कळायचं," ती म्हणाली, "तू मुद्दाम हरतेस ते. वरच्या कठड्यातून मी बघायची ना. तू किती हळूहळू चढायचीस."

दोन पिशव्या असायच्या माझ्याकडे. दिवसभर काम झालेलं असायचं. पोटऱ्या भरून यायच्या आणि मधल्या मजल्यावर मी कठडा धरून श्वास घ्यायला थांबायची. हे सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. मी "हं" एवढंच म्हटलं.

पुढच्या गुरुवारी ती पुन्हा आली. पिशवी आठवणीने घेतली होती. मी खालीच उभी होते, पाऊस थांबला होता. नातू पहिल्या पायरीवर चढून वर बघत राहिला. तो अजून एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवून चढतो. मी त्याच्या एक पायरी खाली, हात त्याच्या पाठीमागे, न टेकवता. गाडी लावून लेक आली, पिशवी खांद्याला अडकवली आणि खालून म्हणाली, "बघू कोण आधी."

आम्ही दोघं निघालो. तिसाव्या पायरीवर मी वळून पाहिलं. ती मधल्या मजल्यावर कठडा धरून उभी होती.